दुसऱ्याच्या मुखें

माझ्या आईची दृष्टि काचबिंदूनें हळूहळू गेली. प्रथम बाजूचें दिसेनासें झालें, मग समोरचें. आणि गेल्या तीन वर्षांपासून उजेड व अंधार यांपलीकडे तिला कांहीं कळत नाहीं. वय त्र्याऐंशी. कान मात्र असे तिखट कीं, जतच्या आमच्या घरापुढल्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची ओळख ती त्याच्या चपलेच्या आवाजावरून देते. जन्मभर पुस्तकांत रमलेल्या या बाईला पुस्तकांवांचून ठेवणें शक्य नव्हतें. म्हणून माझ्या मुलीनें तिला मोबाईलवर कादंबऱ्या ऐकण्याची सोय करून दिली, आणि संध्याकाळीं कॉलेजांतून परत आल्यावर एक तास मीं स्वतः वाचून दाखवावें असें ठरलें. अशा रीतीनें आमच्या घरांत दोन वाचक झाले : एक यंत्रांतला, सुस्वर व न थकणारा, दुसरा मी, चष्मा पुसत पुसत व खोकत खोकत वाचणारा. या दोघांपैकीं आईला कोणाचें वाचन अधिक आवडतें, हा प्रश्न प्रथम मला केवळ मौजेचा वाटला. पुढें जें घडलें त्यावरून तो तितका सोपा नाहीं, आणि केवळ आवडीनिवडीचाहि नाहीं, असें वाटूं लागलें.

ध्वनिमुद्रित कादंबरी ऐकणें याला वाचन म्हणावें कीं नाहीं, असा वाद आमच्या शिक्षकांच्या खोलींत अधूनमधून होतो. मला त्यांत फारसें तथ्य दिसत नाहीं. ओठ न हालवितां मुकाट्यानें वाचणें ही मुळीं मानवजातीची फार जुनी संवय नव्हे. चवथ्या शतकांत मिलानचा बिशप अँब्रोज वाचतांना डोळे पानावरून फिरवितो पण जीभ स्तब्ध ठेवितो, हें सेंट ऑगस्टीननें आपल्या आत्मनिवेदनांत मुद्दाम नमूद करून ठेविलें आहे. आमच्याकडे तर ग्रंथ हा डोळ्यांपेक्षां कानांचाच विषय अधिक. नवविधा भक्तींतली पहिली भक्ति श्रवणाची. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचा श्रीधर आम्हां जतकरांना शेजारचाच. त्यानें १७०२ सालीं 'हरिविजय', १७१२ सालीं 'पांडवप्रताप' आणि १७१८ सालीं 'शिवलीलामृत' पुरें केलें, आणि अक्षरओळख नसलेल्या असंख्य बायाबापड्यांच्या जिभेवर तें बसलें. त्यांनीं तें वाचलें नव्हतें. कोणी तरी वाचलें आणि त्यांनीं ऐकलें. तेव्हां स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीनें २०१७ सालीं भारतांत येऊन मराठी पुस्तकें लोकांच्या कानांत घालण्यास प्रारंभ केला, त्यांत अगदींच अपूर्व असें कांहीं नव्हतें. नवीन एवढेंच कीं, वाचणारा ऐकणाऱ्याला दिसत नाहीं, आणि ऐकणाराहि वाचणाऱ्याला दिसत नाहीं. ही गोष्ट मात्र लहान नव्हे.

लहानपणीं चातुर्मासांत आमच्या आळींतल्या एका वाड्यांत पोथी चाले. वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांचा गळा मुळींच गोड नव्हता. ओवीची एकच चाल. तिच्यांतच कृष्ण बोले, तिच्यांतच कंस बोले, यशोदेचें वात्सल्य आणि पूतनेचें कपट एकाच सुरांतून वाहात येई. तरीहि पूतना आली कीं माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या पदर सांवरून बसत, आणि कालियामर्दनाच्या वेळीं मी श्वास कोंडून धरीत असें. याच वाड्यांत पुढें कार्तिकांत कीर्तन होई तेव्हां सगळाच थाट पालटे. पूर्वरंगांत शांतपणें निरूपण करणारे हरिदासबुवा उत्तररंगांत हिरण्यकशिपु होऊन गर्जत आणि लगेच कयाधू होऊन उपरण्यानें डोळे पुसत. आम्हांला दोन्ही आवडे, आणि दोहोंची गल्लत कधीं होत नसे. पोथीवाल्यांनीं गर्जावें असें कोणी म्हटलें नाहीं. बुवांनीं एका सुरांत आख्यान उरकावें असेंहि कोणी म्हटलें नाहीं. पोथींत भाव पुरविण्याचें काम ऐकणाऱ्याकडे असे. कीर्तनांत तें बुवांनीं आपल्या अंगावर घेतलेलें असे.

कादंबरीची पंचाईत अशी कीं, ती ना पोथी, ना आख्यान. तिला चाल नाहीं, म्हणून एकसुरी वाचली तर ती सरकारी अहवालासारखी वाटते. आणि गर्जून वाचली तर लेखकानें दोन ओळींच्या मधें जें झांकून ठेवलें आहे तें उघड्यावर येऊन पडतें.

प्रश्न किती जुना आहे पाहा. कंसाला मरून युगें लोटलीं तरी त्याच्या वधाविषयीं लोक वर्तमानकाळांत कसे बोलतात, असा एक व्याकरणाचा मुद्दा पतंजलीनें महाभाष्यांत चर्चिला आहे. तेथें तो ग्रंथिकांचा, म्हणजे कथा सांगणाऱ्यांचा, उल्लेख करतो. हे लोक केवळ शब्दांनीं कंस उभा करतात; मग कोणी कंसाच्या पक्षाचे होतात, कोणी वासुदेवाच्या, आणि चेहऱ्यांचे रंगहि बदलतात : कोणाचीं तोंडें लाल, कोणाचीं काळीं. आतां मौज अशी कीं, हीं तोंडें सांगणाऱ्यांचीं कीं ऐकणाऱ्यांचीं, याविषयीं पंडितांत अद्यापि एकमत नाहीं. मला हा मतभेद मिटूं नये असेंच वाटतें. कथा सांगतांना कोणाचें तोंड लाल व्हावें, याच एका मुद्द्यावर माझा आणि माझ्या आईचा पुढें खटका उडाला.

तत्पूर्वीं यंत्रांतल्या वाचकाची एक हकीकत सांगितली पाहिजे. मोबाईलवरची एक कादंबरी ऐकतांना दुसऱ्याच प्रकरणांत आई म्हणाली, "हा मामा शेवटीं दगा देणार बघ." ती कादंबरी मीं पूर्वीं वाचलेली होती. मामाचा दगा पुस्तकांत अखेरच्या कांहीं पानांत उघड होतो, आणि तोंवर लेखकानें त्याला इतका लाघवी ठेविला आहे कीं, मी स्वतः त्याच्यावर लुब्ध होतों. हिला कसें कळलें? "अरे, तो बोलायला लागला कीं वाचणारा नाकांतून बोलतो!" वाचणाऱ्या कलावंतानें पुस्तक आधीं पुरतें वाचलें होतें, हें त्याच्या कर्तव्यनिष्ठेचें लक्षण, परंतु त्याला जें ठाऊक होतें तें त्याच्या नाकानें सांगून टाकलें. तो कोण, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ही खोड एकट्या त्याची नव्हे. डोळ्यांनीं वाचणारा मनुष्य पात्रांचा निवाडा स्वतः करतो, पुष्कळदां चुकतो, आणि चुकल्याचें कळलें म्हणजे आपल्याच माणुसपारखीविषयीं त्याला जरा शंका येते. कादंबरीचें सुख बरेंचसें या चुकण्यांत आहे. निवाडा आधींच कानांत पडला कीं चुकण्याची संधि गेली, आणि तिच्याबरोबर तें सुखहि गेलें.

इंग्लंडांत अंधांसाठीं १९३५ सालीं बोलकीं पुस्तकें तबकड्यांवर निघालीं, तेव्हां अगदीं पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' ही कादंबरी होती. ज्यांनीं ती वाचली आहे त्यांना या निवडींतला विनोद कळेल. ज्यांनीं वाचली नाहीं त्यांचा रसभंग मी करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, ती कथा वाचून दाखविणाऱ्याला पहिल्या वाक्यापासून सर्व ठाऊक असावें लागतें, आणि त्याच्या आवाजाला मात्र कांहींच ठाऊक असून चालत नाहीं.

बोलीच्या बाबतींत हीच अडचण निराळ्या वेषांत पुढें येते. माझ्या ऐकण्यांत आलेल्या एका ग्रामीण कथेंत शहरी वाचकानें प्रत्येक शेतकऱ्याला असा कांहीं रांगडा हेल दिला होता कीं, तसा बोलणारा मनुष्य आमच्या जतच्या यल्लम्माच्या जत्रेंत, जनावरांच्या बाजारांतहि, मला आजवर आढळला नाहीं. मग माणदेशी पुस्तक माणदेशी माणसानेंच वाचावें काय? व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' घ्या. माडगुळें आमच्याच सांगली जिल्ह्यांतलें, आटपाडी तालुक्यांतलें, त्यामुळें या पुस्तकावर आमचा थोडा घरगुती हक्क आहे. त्यांतली धनगरांची वस्ती आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या एका तरुण मास्तराच्या डोळ्यांनीं; म्हातारा कारभारी बोलतो तोहि मास्तराच्या आठवणींतून बोलतो. म्हणून वाचणाऱ्यानें धनगर होण्याची खटपट करूं नये. मास्तर व्हावें, म्हणजे कारभारी आपोआप येतो. स्वतः माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गांवोगांव कथाकथन करीत. तो लेखकानेंच सांगण्याचा प्रकार, आणि त्याचें शास्त्र वेगळें. त्याचाहि एक परिणाम असा कीं, पु. ल. देशपांड्यांचें कोणतेंहि पान आतां मला त्यांच्या आवाजावांचून वाचतांच येत नाहीं. हें सुख म्हणावें कीं दास्य, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत आईनें हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' मागितली. 'करमणूक' पत्रांत १८९० पासून क्रमशः आलेली ही कथा यमुना स्वतःच्या तोंडानें सांगते. पुरुषानें लिहिलेलें स्त्रीचें 'मी', आणि तें वाचणारा पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला इंग्रजीचा प्राध्यापक! पहिल्या दिवशीं मीं आवाज किंचित् बारीक करून पाहिला. "घसा दुखतो का रे?" आईनें विचारलें. तेव्हांपासून मी आपल्याच आवाजांत वाचूं लागलों. आणि आठवडाभरांत ती यमूविषयीं माझ्याशीं अशी बोलूं लागली कीं, जणूं यमूनेंच तिला सर्व सांगितलें आणि मी त्या वेळीं घरांत नव्हतों. वाचणाऱ्याला याहून मोठी पावती नाहीं.

पुढें यमूचा नवरा वारतो आणि तिच्या मनाविरुद्ध तिचें केशवपन होतें, तो भाग आला. माझ्या आईची आत्या बालविधवा होती, सोवळी होती. ठराविक दिवशीं परसदारीं न्हावी येई आणि लहान मुलींना माजघरांत घालून दार ओढून घेत, एवढेंच आईनें मला फार वर्षांपूर्वीं एकदां सांगितलें होतें. त्यानंतर त्याविषयीं तिनें कधीं चकार शब्द काढला नाहीं. मीं पुढचें पान पाहिलें, आणि एकाऐवजीं दोन पानें उलटून नवा परिच्छेद सुरू केला. वाक्याचा सांधा असा बेमालूम जुळला कीं, मला स्वतःचेंच कौतुक वाटलें.

"दोन पानं उलटलीस," आई म्हणाली.

"चिकटलीं होतीं."

"आधीं एक उलटलंस, मग दुसरं. चिकटलेलीं पानं एकदम उलटतात."

मी मागें गेलों. वाचूं लागलों, आणि चारपांच ओळींतच माझा गळा दाटून शब्द फुटेना. आईनें चांचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलें, सांत्वनासाठीं. ती म्हणाली, "तूं रडूं नकोस. तूं रडायला लागलास कीं मला तुलाच सांभाळावं लागतं. मग तिच्याकडे कोण बघणार?"

नटाला 'पात्र' कां म्हणतात याचा अभिनवगुप्तानें मोठा मार्मिक खुलासा केला आहे : पेल्याला मद्याची चव लागत नाहीं. रस नटाच्या ठिकाणीं नाहीं, प्रेक्षकाच्या ठिकाणीं आहे. रसास्वादांत विघ्नें कोणतीं तेंहि तो सांगतो, आणि स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून जाणें हें त्यांतलें एक. अठराव्या शतकांत दिदरो या फ्रेंच पंडितानें नटाच्या कोरड्या डोळ्यांविषयीं जवळजवळ हाच सिद्धांत निराळ्या वाटेनें मांडला. हीं मतें मी पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें, आणि परीक्षेंत त्यांवर प्रश्नहि घालीत आलों आहें. गुडघ्यावर हात पडला तेव्हां तीं मला कळलीं. माझ्या रडण्यानें आईच्या पुढून यमू उठून गेली होती आणि तिच्या जागीं मी जाऊन बसलों होतों.

याच्या विरुद्ध डिकन्सचें उदाहरण देतां येईल. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो १८६९ पासून भरगच्च सभागृहांत वाचून दाखवी. श्रोत्यांत बायकांना मूर्च्छा येत, आणि वाचनानंतर त्याच्या नाडीचे ठोके मोजावे लागत. पुढच्याच वर्षीं तो वारला. त्या रात्रीं लोकांनीं नॅन्सी पाहिली कीं डिकन्स पाहिला? तो आपल्याच पुस्तकाचा धनी होता, त्याला अडविणारे आपण कोण? पण तो सोहळा मला कीर्तनाच्या जातीचा वाटतो. घरांत, दिव्याखालीं, एका माणसानें दुसऱ्याला कादंबरी वाचून दाखवावी, त्या जातीचा नव्हे.

रडण्यापेक्षां गाळण्याचा अपराध मोठा होता. पानें कोण गाळीत नाहीं? टॉल्स्टॉयच्या 'वॉर अँड पीस'चा उपसंहार मीं स्वतः दोनदां गाळला आहे. पण आपण गाळलें हें डोळस वाचकाला ठाऊक असतें. काय गाळलें तें नसलें तरी कोठें गाळलें तें असतें. ऐकणाऱ्याला तेवढेंहि ठाऊक नसतें. तो आपले डोळेच दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि तेहि कागद-पावती न घेतां. आईला त्रास होऊं नये म्हणून मीं गाळलें, असें मला त्या क्षणीं खरोखर वाटलें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर हिशेब निराळा दिसूं लागला. तो भाग तिच्या समोर, माझ्या तोंडानें, पुरुषाच्या तोंडानें, उच्चारण्याची लाज मला वाटत होती. तिच्या दुःखाच्या नांवावर मीं आपली सोय पाहिली होती.

लहान मुलाला गोष्ट सांगतांना राक्षस किती मोठा करावयाचा हें आपणच ठरवितों, आणि तें योग्यहि आहे. मूल उद्यां मोठें होणार असतें, तेव्हां तें राक्षसाला पुरतें पाहून घेईल. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईनें कोणत्या उद्यांची वाट पाहावी? वृद्धांना लेंकरासारखें वागविणें ही आमच्या सुशिक्षित घरांतली एक फार सभ्य क्रूरता आहे, आणि ती बहुधा प्रेमाच्याच नांवानें चालते.

कोणी म्हणेल, मग यंत्रच बरें. आतां तर माणसाचा गळाहि लागत नाहीं. संगणक स्वतः पुस्तक वाचतो, मराठींतहि वाचतो, एक ओळ गाळीत नाहीं आणि एक अश्रु ढाळीत नाहीं. माझ्या मुलीनें आजीला तो प्रकारहि ऐकविला. (ती स्वतः सर्व पुस्तकें दीडपट वेगानें ऐकते, विरामालाहि कांहीं अर्थ असतो हें तिला पटवितां पटवितां मी थकलों.) उच्चार स्पष्ट होते. दहा मिनिटांनीं आई म्हणाली, "वाचतो सगळं, पण काय वाचतोय तें याला ठाऊक नाहीं." मला मिल्टनच्या मुली आठवल्या. १६५२ च्या सुमारास त्या महाकवीची दृष्टि पूर्ण गेली; पुढें ग्रीक, लॅटिन, हिब्रू वगैरे भाषांतले ग्रंथ त्यानें आपल्या मुलींकडून वाचवून घेतले. त्यांना उच्चार शिकविले होते, अर्थ नाहीं. त्या मुलींनीं कांहीं गाळलें नसेल, कोणाची बाजू घेतली नसेल, कोणासाठीं डोळ्यांत पाणीहि आणलें नसेल. बापाला अर्थ ठाऊक होता म्हणून त्याचें भागलें. पण त्या घरांतल्या वाचनाला सुख म्हणण्यास जीभ रेटत नाहीं. आणि यंत्राच्या प्रामाणिकपणाचें म्हणाल, तर ज्याला फसवितांच येत नाहीं त्यानें फसविलें नाहीं, यांत त्याची वाखाणणी काय करावयाची?

मिल्टनच्या घरीं वाचणाऱ्याला अर्थ कळत नव्हता. आमच्या घरीं ऐकणाऱ्यांपैकीं एकीला तो अर्धाच कळतो. स्वयंपाकाला येणारी बाई उमदीकडची, मायबोली कानडी. आमच्या तालुक्याच्या पूर्व भागांत हें नेहमींचेंच. हरिभाऊंचें शंभरसवाशे वर्षांपूर्वींचें पुणेरी मराठी तिच्या कितपत पल्ल्यांत येत असेल, देव जाणे. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं भाजी निवडीत ती रोज ऐकत असे, आणि नेमक्या जागीं तिचा हात थांबत असे. त्या संध्याकाळीं मीं दोन पानें उलटून वाचावयास लागलों तेव्हां तिचा हात थांबला नव्हता. मागें जाऊन, घसा खांकरून, तोच भाग सरळ वाचला तेव्हां भाजीचें ताट बाजूला सरकविल्याचा आवाज मीं ऐकला. शब्द तिला किती कळले? मुद्रणगृहांत बसून वाचणाऱ्या कलावंताला असें ताट सरकल्याचें ऐकूं येत नाहीं, गुडघ्यावर हातहि पडत नाहीं. तरीहि त्यांतले कित्येक इतकें संयमानें आणि समजून वाचतात कीं, मला त्यांच्याविषयीं आदर वाटतो. ते कोणत्या अंधारांत वाचतात हें मला आतां थोडेंसें कळलें आहे.

तो भाग मीं त्या दिवशीं शेवटपर्यंत वाचला. आवाज कसा लागला तें सांगतां येणार नाहीं. बहुधा त्या जुन्या पोथीवाल्या गृहस्थांसारखा लागला असावा. आई कांहीं बोलली नाहीं. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसली, आणि मग आत्याचें नांव घेऊन, तिचे केस फार लांब होते असें ती म्हणते, एवढेंच बोलली. आत्यानें तिला कधीं तरी सांगितलें असावें. मीं अधिक विचारलें नाहीं.

कादंबरी संपल्यावर मीं तिला म्हटलें कीं, यापुढें सर्व मोबाईलवरच ऐक. तेथें माझ्याहून कितीतरी चांगले वाचणारे आहेत.

"सकाळीं तें चालतं," ती म्हणाली. "त्याचा आवाज छान आहे, खोकत नाहीं. संध्याकाळीं तूं वाच."

"कां बरं?"

"त्याचं पान ऐकूं येत नाहीं."

सध्यां आमची 'बनगरवाडी' चालू आहे. पान उलटतांना मी तें थोडें मोठ्यानें उलटतों.